नुसती जमीन

दरड कोसळली आणि मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या मातीखाली गेल्या, तेव्हा पोकलेनवाला धावत सर्व्हेअर ताईकडे आला. त्याची बायको आत होती.

"ताई, सगळी मातीच माती झालीये, काही ओळखू येत नाही. तुमचं ड्रोन परवाच फिरलं ना इथून? आमच्या खोलीवर फक्त बोट ठेवा. पुढचं मशीन बघून घेईल."

मशीन खरंच बघून घेणार होतं. त्याच्यावरचा जीपीएस बकेटच्या दाताला बोटभरही इकडेतिकडे जाऊ देत नसे. "बायकोपेक्षा कडक आहे हा," असं तोच हसत सांगायचा.

तिने घाईघाईने लॅपटॉप उघडला. कोसळण्याआधीचा उतार पडद्यावर आला, हिरवा आणि गुळगुळीत.

"खोल्या कुठायत?"

किती माती उपसायची याचा हिशेब मांडताना नुसती जमीन लागते. झाडं, टाक्या, खोल्या ड्रोनच्या फोटोंवरून बनवलेल्या मॉडेलमधून काढून टाकाव्या लागतात. तिने एकूण एक काढल्या होत्या आणि जागा अडते म्हणून मूळ फोटोही पुसले होते. "काय साफ काम केलंस!" साहेब म्हणाले होते.

"नाहीयेत, दादा. मीच काढल्या."

तो पडद्याकडे बघत राहिला. मग त्या हिरव्या उतारावर त्याने स्वतःच कुठेतरी बोट टेकवलं.

"इथे असेल. इथेच धरा, ताई."

तिने तो बिंदू मशीनला पाठवला. बकेटचा दात बरोबर तिथेच टेकला, बोटभरही न चुकता.