अब्बांची चप्पल

अमीरबीची धाकटी बहीण जुलेखा चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन लाहोरला गेली, ती गेलीच. ईदला फोनवर म्हणाली, “डोळं गेलं माझं, आपा. तू अटारीच्या बॉर्डरवर ये, मी पलीकडं बसते. अब्बांची करकरती चप्पल घालून ये. आवाजावरनं वळखीन.” तेल पाजून जपलेली, पायाला मोठी होणारी ती चप्पल घालून अमीरबी कोल्हापूरहून सहलीच्या गाडीनं आली. पण संध्याकाळी झेंडे उतरवायचं संचलन सुरू झालं आणि दोन्हीकडच्या भोंग्यांत, घोषणांत तिची चप्पल तिलाच ऐकू येईना. झेंडे उतरले. फाटक बंदच राहिलं. गर्दी पांगली, तशी ती प्रेक्षकांच्या रिकाम्या पायऱ्यांवरून करकर वाजवत वर-खाली चालू लागली. पहाऱ्यावरचा जवान कोल्हापूरकडच्याच शाहूवाडीचा निघाला. म्हणाला, “आज्जी, पलीकडची मान्सं कवाच गेली की. चला.” “आंधळ्या मानसाला गर्दी सरल्यावरच उठवत्यात, बाळा,” अमीरबी म्हणाली आणि पुन्हा पायरी चढली.