चार लिंबं

शोरूमच्या दारात नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती. गाडी आकाराने छोटी, पण ऐटदार. शर्वरीने स्वतःच्या कमाईवर घेतलेली.

लहानपणी तापात तिचे कान गेले, तेव्हापासून ती ओठांवरून बोलणं ओळखायची. "इंजिनाचा आवाज येत नाही, मग गिअर कधी बदलणार?" म्हणत दादाने तिला कधी किल्ली दिली नव्हती. लायसन्स तिने हट्टाने मिळवलं.

आज दादा शेजारी बसला. तिने बटण दाबलं. दादा कान टवकारून तिच्याकडे वळला. "सुरूच झाली नाही गं!"

तिने ॲक्सिलरेटर दाबला. लिंबं चिरडत गाडी निघाली, तसा दादाने दरवाजा धरला.

"दादा," ती म्हणाली, "ऐकू येत नाही, म्हणून बंद आहे असं नसतं."

त्याचं उत्तर बघायला तिने मान वळवली नाही.