पूर्वापार अंतर

अधिकाऱ्याने मोजपट्टीचे एक टोक शेडच्या उंबऱ्यावर ठेवले आणि दुसरे पडवीतल्या सरजाबाईच्या तरटापर्यंत नेले. आठ फूट भरले. नियम सहा फुटांचा होता. टाळेबंदी शिथिल झाल्यावर लातुरातले कारखाने सुरू ठेवण्याजोगे आहेत की नाहीत, हे पाहत तो सकाळपासून फिरत होता. इतके निर्दोष अंतर त्याला कुठेच आढळले नव्हते.

"ही व्यवस्था केव्हा केलीत?"

"पूर्वापार आहे, साहेब," डाळमिलचे मालक रेणुकादास नम्रपणे म्हणाले. "वडिलांच्या काळापासून."

यातले एक अक्षरही खोटे नव्हते. आत शेडमध्ये बावीस बायका पंख्यांखाली दाटीवाटीने बसून डाळ निवडत. बाहेर, तीन बाजूंनी उघड्या पत्र्याच्या पडवीत, सात जणी. मृग कोरडा चालला होता आणि पत्रा तापून फुटेल की काय असे वाटे. त्या सातही जणी भीमनगरातल्या होत्या. कोणी कुठे पाटी लावलेली नव्हती. तशी गरजच कधी पडली नव्हती.

"सरकारला आत्ता कळलं, बाई," सरजाबाई सुपातले खडे वेचता वेचता पुटपुटली. "ह्ये लोक तर लई आधीपासून सावध हायत." मुखपट्ट्यांच्या आड सातही जणी हसल्या. अधिकाऱ्याला ते समाधानाचे हसू वाटले असावे. त्याने पडवीचे छायाचित्र घेतले. आतल्या बायकांसाठी जमिनीवर चुन्याची वर्तुळे आखली होती, तीही टिपली. दुसऱ्या दिवशी त्या वर्तुळांवर डाळीची रास पडली आणि बायका राशीभोवती पहिल्यासारख्या बसल्या.

त्या सातांतलीच एक, सरजाबाईची सून पंचशीला, बारावी झालेली. म्हणून दारावर सूचनांचा कागद चिकटवण्याचे काम तिच्याकडे आले, आणि चिकटवण्यापूर्वी तो वाचण्याची चूक तिने केली. बंद जागा, कोंडलेली हवा, माणसांची दाटी. कबुतरे येतात म्हणून शेडच्या खिडक्यांना पत्रे ठोकले होते. सासूला दमा होता. आयुष्यात पहिल्यांदाच पंचशीलेला पडवीचे बरे वाटले, आणि बरे वाटल्याची तिला लाज वाटली.

अधिकारी येऊन गेल्याच्या विसाव्या दिवशी दुखणे शेडमध्ये आले. बावीसपैकी चौदा जणींना लागण झाली. मधल्या पंख्याखाली बसणारी गोदावरी सरकारी दवाखान्यात चौथ्या दिवशी वारली. मिलला आठवडाभर कुलूप लागले. पडवीतल्या सातही जणींच्या तपासणीत काही निघाले नाही.

कुलूप निघाले त्या सकाळी रेणुकादास स्वतः दारात उभे होते. रेशनचा माल अडला होता. आतल्या आठ जणी परतल्या होत्या. त्यांतली उमादेवी पदर तोंडावर दाबून खोकत होती. चाळणीखालची डाळ पडवीत वाहून आणणारे हमाल देगलूरकडे आपापल्या गावी निघून गेले होते.

"आजपासून तुम्ही सगळ्यांनी आतच बसायचं," रेणुकादास म्हणाले.

"खिडक्यांचे पत्रे काढले का, मालक?" पंचशीलेने विचारले.

"फवारणी झाली आहे."

"मग आम्ही पडवीतच बसतो. मोकळ्या हवेत धोका कमी असतो. तुम्हीच दिलेल्या कागदावर हाय तसं. डाळ आमची आम्ही वाहून आणू."

रेणुकादास दुखावले गेले. ते ढोंग नव्हते. त्या क्षणी ते खरोखरच दुखावले होते.

"पडवीत? बाई, असला भेदभाव आता चालायचा नाही. काळ बदललाय. आमच्या वडिलांची गोष्ट वेगळी होती. आत या."

पंचशीलेने अनेक भाषणे ऐकली होती. समतेचे इतके छोटे आणि इतके बिनतोड भाषण तिने ऐकले नव्हते. तिने सासूकडे पाहिले. सरजाबाई जागेवर नव्हती.

तिच्या चपला उंबऱ्याबाहेर होत्या. ती स्वतः गोदावरीच्या रिकाम्या जागी, मधल्या पंख्याखाली, पाय पसरून बसली होती. छातीतली घरघर दारापर्यंत ऐकू येत होती. तोंडावर मात्र असे काही होते, जे पंचशीलेने लग्न होऊन आल्यापासून पाहिले नव्हते.

"आत्याबाई, बाहेर चला. तुमचा दमा..."

"जिल्हा नवा झाला न्हाई का, त्या साली बांधली ही शेड," सरजाबाई म्हणाली. ती सुनेशी बोलत होती की पंख्याशी, कळत नव्हते. "पायातले धोंडे म्या वाहिले. पंखे लागले त्या दिशी वारं कसं लागतंय म्हनून घटकाभर हितं टेकले. मोठ्या मालकानं सगळ्यांदेखत 'ऊठ' म्हनलं. अडतीस साल झाले."

तिने मुखपट्टी हनुवटीखाली ओढली आणि डोळे मिटून वारा तोंडावर घेतला. मग शेजारची जागा हाताने झाडली.

"ये, बस. आज कुनी ऊठ म्हनत न्हाई."

उमादेवीला पुन्हा खोकल्याची उबळ आली. बाकीच्या पाच जणी दारात थांबून पंचशीलेच्या तोंडाकडे पाहत होत्या. एकाच शब्दाचे काम होते. तो म्हटला असता तर सासू कदाचित वाचली असती, हे तिला तेव्हाही ठाऊक होते. पण त्या जागेवर तो शब्द एकदा म्हणून झाला होता, आणि म्हणणाऱ्याचा मुलगा तिच्या पाठीशीच उभा होता.

पंचशीलेने चपला काढल्या.