चांदीला विटाळ नसतो

"ती आतडी गोठ्यात टाक आणि आंघोळ करून मगच आत ये," मामंजी ओसरीवरून ओरडले.

टेनिसच्या रॅकेटला बकऱ्याच्या आतड्याच्या तारा असतात, हे कळल्यापासून ह्यांच्या एकुलत्या एक रॅकेटला घरात जागा नव्हती. त्या दिवशी जिमखान्यावर साऱ्या साहेबांना हरवून आले, तरी हे मुकाट्याने विहिरीवर गेले. जिंकलेला कप मात्र मामंजींनी स्वतः उचलून देवघरात नेला. "चांदीला विटाळ नसतो," म्हणाले.

पुढे अलाहाबादची मोठी स्पर्धा होती. तोवर रॅकेट माडीवर राहू द्या, इतकंच ह्यांनी मागितलं. मामंजींनी ऐकलं नाही. निघायच्या सकाळी गोठ्यात पाहिलं, तर उंदरांनी सगळ्या तारा कुरतडलेल्या. हे स्टेशनवर गेलेच नाहीत. पुन्हा रॅकेटला हातही लावला नाही.

त्याच संध्याकाळी पाहुण्यांना कप दाखवून झाल्यावर मामंजी देवापुढे मृदंग घेऊन बसले. बकऱ्याच्या कातड्यावर त्यांची थाप छान घुमत होती. हे शेजारी बसून टाळ वाजवत होते.

"सूनबाई, आरतीला कापूर आणा," मामंजी म्हणाले.

मी आणला.