हावसुला

पाण्यावर उतरणारं ते जुनं प्रवासी विमान जर्मनांनी ओलेसुंदच्या बंदरात बळकावलं आणि त्यातून सैनिकांची ने-आण सुरू केली. त्याच्या नाकावर ‘हावसुला’ हे समुद्रपक्ष्याचं नाव होड्या रंगवणाऱ्या गुनवोरनेच कधीकाळी हौसेने लिहिलं होतं. ते झाकून टाकायचा हुकूमही तिलाच आला. तिने चिंधीने पत्रा चोळून चोळून पुसला आणि मुकाट्याने वर करडा रंग फासला.

"लाज नाही वाटत, म्हातारे?" धक्क्यावरचे कोळी थुंकले.

आठवड्याभरात रंगाचे पापुद्रे निघाले. सैनिकांनी भरलेलं विमान धक्क्याला लागलं, तेव्हा नाकावर ‘हावसुला’ ठसठशीत दिसत होतं. कोळ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

"पुन्हा रंगव!" जर्मन अधिकारी कडाडला.

तिने पुन्हा पत्रा पुसला, पुन्हा रंगवलं. पुन्हा पापुद्रे निघाले.

"हा काय प्रकार आहे?"

"खारा वारा आहे, साहेब," गुनवोर म्हणाली. "बाहेरचं काही टिकू देत नाही मेला."

ती घरी आली, तेव्हा नातवंडं तोंडं वासून रांगेत उभी होती आणि तिचा नवरा ओस्मुंद हातात चमचा धरून माशाच्या तेलाची बाटली उपडी करत होता.

"अगं, हीसुद्धा रिकामी? पोरांना पाजू काय?"

गुनवोरने तेलकट चिंधी खुंटीला अडकवली.

"पोरं थांबतील. उद्या शेपटीवर त्यांचं भलंमोठं स्वस्तिक काढायचंय. दोन बाटल्या आण."