बाल्कनीची कडी

कर्ज कुठे बुडेल, कुठे दगाफटका होईल, हे आधीच हेरायला वित्त कंपनी मला पगार देते. उरलेल्या वेळात मी व्हिडिओ गेमसाठी नकाशे बनवते. या वेळी कामाने डोकं वर काढू दिलं नाही, म्हणून सरळ आमचं तळमजल्याचं घरच जसंच्या तसं उतरवलं. समोरची निळी टाकी आणि बाल्कनीची न लागणारी कडीसुद्धा, कारण खेळाडूंना आत शिरायला चोरवाट लागतेच. एका खेळाडूने विचारलं, "ही टाकी बाजारामागचीच ना?" एवढा बारकावा कुणी ओळखला म्हणून हुरळून मी "हो" लिहिलं. आज साहेबांची मीटिंग चालू असताना त्याचाच मेसेज आला. "नकाशा हुबेहूब आहे. फक्त सोफा आता खिडकीखाली आहे." सोफा आम्ही कालच हलवला होता. साहेबांना बोलतं सोडून मी बाहेर धावले आणि घरी फोन लावला. सासूबाई घरी एकट्याच होत्या, आवाज मात्र खुशीत. "अगं, तू पाठवलेला तो कडी दुरुस्त करणारा आलाय. गुणी आहे हो! मी दाखवायच्या आधीच सरळ बाल्कनीकडे गेला." मी कुणालाही पाठवलेलं नाही, हे सांगायला तोंड उघडलं, तोच पलीकडे खट्‌कन काहीतरी वाजलं. "ऐकलंस? लागली बघ एकदाची," त्या हरखून म्हणाल्या. "आता म्हणतोय, आलोच आहे तर पुढच्या दाराचीही कडी आतून लावून बघतो."