स्टूल धर

प्रसंग : घरात पडदा लावणे.

स्त्री : धर नीट. हलतंय.

पुरुष : हं.

स्त्री : तर काय सांगत होते, शेजारीण म्हणाली, तुमचे हे कुणाशी बोलत का नाहीत? म्हटलं, दिवसभर बोलण्यावर बोलतात, घरी आले की दुकान बंद.

पुरुष : हं.

स्त्री : हं काय? स्टूल धर म्हटलं मी. मौन नको धरूस.

(इथे हशा.)

हशा कागदावर छापलेला नाही. तो दरवर्षी वर्गातून येतो, आणि सर त्याची वाट बघत खिडकीशी उभे असतात. आजही आला. मागच्या बाकांवरून जरा उशिरा, पण आला.

विषय संवादाची नीती, आजचा धडा ऐकण्याचा. मुलांच्या हातात संभाषणाचा उतारा असतो आणि सर ध्वनिफीत ऐकवतात. स्पीकर मुठीएवढा, पण तो ते टेबलावर ठेवत नाहीत. कोपऱ्यातलं उंच स्टूल ओढून आणतात आणि त्यावर ठेवतात. आवाज वरून यायला हवा.

हशा झाला की सर बटण दाबून आवाज थांबवतात. घरी ते हे कधीच लावत नाहीत. घरी लावलं तर ती एकटीच बोलत राहते. इथे तिच्या बोलण्याला कुणीतरी हसतं.

"बोला. कोण कुणाचं ऐकतंय इथे?"

"कुणीच नाही, सर," पुढच्या बाकावरचा चष्मेवाला म्हणाला. "हा बुवा तर नुसता हं हं करतोय. याच्या जागी भिंतीला टेकून ठेवलं असतं स्टूल, तरी चाललं असतं."

"भिंत निदान हं तरी म्हणत नाही," दुसरी कुणी म्हणाली. "माझे बाबा डिट्टो असेच."

सरांनी मनापासून मान डोलावली. दरवर्षी मुलं त्या पुरुषाला धारेवर धरतात, आणि दरवर्षी त्यांना ते आवडतं.

मग वकीलबाईंचा हात वर गेला. वकीलबाई म्हणजे तिसऱ्या बाकावरची मुलगी. बाहेर ऊन आहे म्हटलं तरी ती पुरावा मागते, म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव.

"सर, या बाईंना माहीत होतं का, की हे रेकॉर्ड होतंय?"

सरांनी फळा पुसायला डस्टर उचललं. फळा कोराच होता.

"गेल्या आठवड्यात तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. "कुणाचं बोलणं त्याला न विचारता दुसरीकडे नेलं, तर ती चोरी."

"हो. मीच."

"मग आता विचारता येईल त्यांना?"

"नाही. त्या आता नाहीत."

"मग सर, पुढच्या वर्षी हे..." ती अडखळली. मुलगी वाईट नव्हती. "मी आपला नियम सांगतेय, सर."

"बरोबर सांगतेयस."

'माहीत होतं' एवढंच म्हटलं असतं, की मिटलं असतं. कोण तपासायला येणार होतं? पुढच्या वर्षी नवी मुलं, तेच स्टूल, तोच हशा. सरांनी तोंड उघडलंसुद्धा. पण स्वतःच शिकवलेलं आडवं आलं.

"उताऱ्यात नाही ते," ते म्हणाले. "पुढे आहे थोडं. ऐका."

हशानंतरचं वर्गात कधी वाजलंच नव्हतं. सरांनी बटण दाबलं. स्टुलाचा पाय फरशीवर घासला. पडद्याच्या कड्या खळखळल्या.

स्त्री : ए, ते लाल काय लुकलुकतंय? चालू आहे होय रे ते?

पुरुष : वर्गासाठी. मुलांना खरं बोलणं ऐकवायचंय. लिहून आणलेलं नको.

इतका वेळ हं हं करणारा माणूस पहिल्यांदाच वाक्य बोलला, आणि सगळ्या माना स्पीकरवरून सरांकडे वळल्या. चष्मेवाल्यानं जीभ चावली.

स्त्री : माझं बोलणं? काहीतरीच तुझं. बंद कर. आधी बंद कर बघू ते.

(मौन.)

स्त्री : आणि ऐक. हसली मुलं, तर मला येऊन सांग हं.

खट्.



"म्हणजे नाहीच म्हणाल्या," कुणीतरी पुटपुटलं.

"पण नंतरचं?"

"बंद कर म्हणाल्या ना स्पष्ट!"

"अरे, पण नंतरचं?"

एरवी अशी जुंपली की सर खूश व्हायचे, फळ्यावर दोन रकाने आखायचे. आज खडू तिथेच पडून होता.

वकीलबाईंनी हात वर केला, मग खाली घेतला. नंतर हात न उचलताच, हळू, नियमाबाहेरचं विचारावं तसं तिनं विचारलं,

"मग? सांगितलंत त्यांना?"

सर स्टुलाजवळ गेले. मुलांना वाटलं, आता स्पीकर उचलतील, तास संपला. त्यांनी स्पीकरला हात लावला नाही. खाली वाकून दोन्ही हातांनी ते स्टूल धरलं. नीट, हलू नये असं.